बाथरूमची कडी आणि घराण्याची बंदूक

आमच्या घराण्यात बंदूक होती. हे वाक्य मी बहुतेक बाराखडीच्या आधी शिकले. साताऱ्याकडच्या आमच्या गावी पणजोबांकडे ठासणीची बंदूक होती, ती त्यांनी कुणावर झाडली होती की नुसतीच भिंतीवर टांगली होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि पुढे तिचं काय झालं हे विचारलं की बाबा हात हवेत असा फिरवायचे की जणू त्यानंतरच राज्य बुडालं. बाबांनी स्वतः ती पाहिलेली नव्हती. त्यांच्या वडिलांनीही नव्हती. पण तिचं वर्णन मात्र आमच्याकडे दरवर्षी अधिक तपशीलवार होत गेलं. बाबा ठाण्याला एका कचेरीत हेडक्लार्क होते. रोज पोळीभाजीचा डबा आणि छत्री घेऊन जायचे, आणि त्यांच्या हाताखालचं सर्वांत घातक हत्यार म्हणजे कागदाला भोकं पाडायचं पंचिंग मशीन. खंडेनवमीला ते हे मशीन घरी आणायचे आणि पूजेला ठेवायचे. आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांतल्या शस्त्रागारात त्याशिवाय विळी, अडकित्ता, आईची कात्री आणि टेस्टर एवढा साठा होता. बाबा चौरंगावर हे सगळं मांडायचे, हळदकुंकू वाहायचे आणि दरवर्षी न चुकता सुस्कारा टाकायचे, की जिथे बंदूक असायची तिथे आज विळी आहे. आई आतून म्हणायची, "बंदुकीने काकडी चोचवून दाखवा, मग तिचीही पूजा करते."

त्या वर्षी मी नुकती कॉलेजात गेले होते. डोंबिवलीत तेव्हा प्रत्येक इमारतीला गच्चीवर एक पाण्याची टाकी आणि खाली एक दिग्दर्शक असायचाच. टाकी अधूनमधून रिकामी असायची. आमच्या इमारतीचा दिग्दर्शक म्हणजे वरच्या मजल्यावरचा नितीनदादा. ऑक्टोबरच्या उन्हात तो गळ्यात मफलर घालून फिरायचा, त्यावरून त्याची पात्रता सिद्ध झाली होती. कल्याणच्या एका नवरात्र मंडळाने एकांकिका स्पर्धा ठेवली होती आणि नितीनदादाने तिच्यासाठी सीमेवरच्या सैनिकांवर एकांकिका लिहिली होती. तिच्यात युद्ध होतं, म्हातारी आई होती, आणि कुणी बोलायला लागलं की दुसऱ्याला खोकला येत होता. मागे एका उंचवट्यावर एक पहारेकरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बंदूक घेऊन उभा. त्याला एकच वाक्य. शेवटी अंधार होत जातो, पावलं वाजतात, पहारेकरी बंदुकीचा खटका ओढतो आणि विचारतो, "कोण आहे?" उत्तर येत नाही आणि पडदा पडतो. उत्तर न येणं हेच या नाटकाचं उत्तर आहे, असं नितीनदादा चहा पिताना सांगायचा, आणि आम्ही माना डोलवायचो, कारण चहा त्याच्या घरचा असायचा.

आम्ही मुली त्या नाटकात दोनच कामांसाठी होतो. एकीने म्हातारी आई व्हायचं, आणि बाकीच्यांनी वाक्यं आठवून द्यायची. मला तो पहारेकरी हवा होता. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगते. घरात, इमारतीत, वर्गात मी सतत काहीतरी आणून देणारी, धरून ठेवणारी, जरा सरक म्हटलं की सरकणारी मुलगी होते. जिथे सगळ्यांच्या मागे, सगळ्यांहून उंच उभं राहायचं आणि कुणी सरक म्हणायचं नाही, अशी ती एकच जागा मला दिसत होती. मी मागितल्यावर नितीनदादा हसला. तेवढ्यात निरोप आला की कपडेपट भाड्याने देणाऱ्याकडे त्रिशूळ आणि भाले हवे तेवढे आहेत, पण बंदुका दुसऱ्या मंडळाने नेल्या. तेव्हा नितीनदादाने मफलर सावरून जाहीर केलं, की जो बंदूक आणेल तो पहारेकरी. त्याला वाटलं, बंदूक काय कुणी आणत नाही. शेवटी मोहित नावाचा त्याचा मावसभाऊ काठी घेऊन उभा राहील. मोहितला एका जागी पोळी संपेपर्यंतही बसता येत नसे.

मी बंदूक करायला घेतली. याआधी मी स्वतःच्या हाताने केलेली वस्तू म्हणजे शाळेतला विणलेला रुमाल, आणि त्याचेही चारी कोपरे एकमेकांशी बोलत नव्हते. माळ्यावर जुन्या पलंगाची एक जाड फळी होती, ती मी उतरवली. करवत शेजारच्या दामलेकाकांची. ती ते कुणाला देत नसत, कारण तिला दात उरलेले नाहीत हे लोकांना कळलं असतं. प्रश्न होता मापाचा. बंदूक नेमकी केवढी असते? इतिहासाच्या पुस्तकात होती ती बोटाएवढी. तेव्हा मी घरातल्या एकमेव जाणकाराला विचारलं. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, उभे राहिले, दस्ता खांद्याशी धरल्यासारखं केलं आणि नळीचं टोक दाखवायला हात लांब केला. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून दोन पावलं पुढे गेले. मग खिडकीपाशी जाऊन म्हणाले, साधारण इथवर. मी खडूने खूण केली. न पाहिलेल्या वस्तूचं माप न पाहिलेल्या माणसाकडून घेतल्यावर जे व्हायचं ते झालं. बंदूक माझ्याहून वीतभर उंच झाली.

बाकीचं घराने पुरवलं. नळी म्हणजे पडद्याचा पोकळ दांडा, पट्टा बाबांच्या टाकून दिलेल्या ऑफिसबॅगेचा, आणि रंग म्हणजे काळं बूटपॉलिश. पॉलिश पुढे कितीतरी दिवस माझ्या गालावर, उशीवर आणि एकदा साबुदाण्याच्या खिचडीतही सापडलं. दस्त्याजवळ फळी तासता तासता मी इतकी तासली की ती मोडली. मग ती गोंदाने चिकटवून वर सुतळी गुंडाळली. त्यामुळे बंदूक कमरेत जरा लचकल्यासारखी दिसायची. पण खटका? खटक्याशिवाय ती नुसती रंगवलेली फळी होती. मी घरभर प्रत्येक वस्तूला हात लावून पाहिला आणि बाथरूमच्या दारापाशी थांबले. आतल्या बाजूला लोखंडी आडवी कडी होती, जुनी, जड. ओढली की "खट्ट" असा आवाज यायचा. असा आवाज आजकालच्या कुठल्याच वस्तूला येत नाही. मी ती दिवसाढवळ्या, आईच्या देखत, पेचकसाने काढली. आई म्हणाली, "तुझ्या बापाला तूच सांग." सांगितलं. बाबा म्हणाले, रविवारी दुसरी आणतो.

रविवार येत राहिले. कडी आली नाही. बाबांचं घरगुती कामांच्या बाबतीत तसंच होतं. आणि त्या महिन्याभरात आमच्या घरी एक नवीनच शिस्त सुरू झाली. बाथरूममध्ये जो जाईल त्याने आवाज करत राहायचं. बाबा आत जाऊन रामरक्षा म्हणायचे, आणि साबण डोळ्यांत गेला की एखाद्या ओळीवर अडून तीच पुन्हा पुन्हा म्हणायचे. आई बादलीवर तांब्या आपटत राहायची. मी पाढे म्हणायचे, त्यामुळे एकोणतिसाचा पाढा मला आजही येतो आणि आजवर त्याचा काहीही उपयोग झालेला नाही. दार ढकलण्याआधी बाहेरच्याने मोठ्याने विचारायचं, "कोण आहे?" आतल्याने तितक्याच मोठ्याने, तत्काळ सांगायचं, "मी आहे, मी!" सर्वांत भीती बाबांना होती. बाहेर कुणी नुसतं खाकरलं तरी ते आतून ओरडायचे, मी आहे, मी. एकदा दारावर पोस्टमनने "कोण आहे का?" असं विचारलं, तर त्यालाही आतून तेच उत्तर गेलं. आता मी घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर राहते, इथल्या बाथरूमचं दार आपोआप बंद होतं आणि घरात दुसरं कुणी नसतं. तरी बाहेर काही वाजलं की माझ्या तोंडातून "मी आहे" निघून जातं.

बाबा त्या बंदुकीला बंदूक म्हणत नसत. लाकूड म्हणायचे. ते लाकूड दारातून हलव. त्या वल्ह्यावर डोकं आपटलं माझं. एकदा जेवताना विचारलं, की एवढं करून शेवटी ते धरणार कोण, नितीन की मोहित? मी म्हटलं, मी. बाबा घास थांबवून म्हणाले, "घराण्यात बंदूक होती हे खरं. पण ती बायकांच्या हातात नव्हती." आईने त्यांच्या पानात न विचारता आणखी कारलं वाढलं. मला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण मी ती त्यांच्याच मापाने केली होती. तिकडे नितीनदादानेही बंदूक पाहिल्यावर फार छान झालीय म्हणून ती मोहितच्या हातात दिली. मी ती परत घेतली आणि त्याचं वाक्य त्याला ऐकवलं. मग तो म्हणाला, ठीक आहे, पण प्रयोगाला बंदूक आली नाही तर काठी घेऊन मोहित उभा राहील. बंदूक आहे तर मी, बंदूक नाही तर मी नाही. महिनाभर मी गच्चीवर टाकीशेजारी ताठ उभं राहण्याचा सराव केला. कावळ्यांनीसुद्धा मला टाकीचाच भाग धरलं.

प्रयोग खंडेनवमीच्या संध्याकाळी होता. त्या सकाळी मी आत पाढे म्हणत आंघोळ करत होते, आणि बाहेर आले तर बंदूक जागेवर नव्हती. ती चौरंगावर होती. चौरंगावर म्हणजे तिचा मधला भाग. दस्ता कपाटाखाली गेला होता आणि नळी कोचाखाली. वरून देवीच्या तळलेल्या कडाकण्या टांगलेल्या, समोर निरांजन, आणि बाबा सोवळं नेसून तिला झेंडूची माळ घालत होते. नळीला हळदकुंकू, सुतळीला हळदकुंकू, बाथरूमच्या कडीला तर बोटभर जास्तच. दामलेकाकांना बोलावून झालं होतं. बाबा त्यांना सांगत होते, "अगदी अशीच होती हो पणजोबांची. घराण्याची बंदूक." दामलेकाका आपल्या करवतीने कापलेल्या त्या वारशाकडे बघत आदराने म्हणाले, घराणं ते घराणं.

मला आधी गंमत वाटली. मग बाबांनी अक्षता वाहता वाहता सांगितलं, की आता उद्या दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत हिला हात लावायचा नाही. आमच्याकडे हा नियमच होता. नवमीला पूजेत मांडलेलं शस्त्र दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही. मी म्हटलं, बाबा, ते लाकूड आहे, तुम्हीच म्हणता. ते म्हणाले, होतं. मी म्हटलं, तिला बाथरूमची कडी आहे. त्यावर बाबा शांतपणे म्हणाले, देवी कडी बघत नाही, भाव बघते. महिनाभर ज्याला वल्हं, लाकूड, अडगळ म्हटलं ते मला पाहिजे त्याच दिवशी, पाहिजे त्याच वेळी शस्त्र झालं होतं. आणि ते पुन्हा लाकूड होणार होतं तेव्हा मोहित काठी घेऊन उभा राहिलेला असणार होता. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. दामलेकाका चप्पल शोधायला लागले.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. दरवर्षी नैवेद्याच्या आधी यायची तशीच आली. पदर खोचला, चौरंगावरची विळी उचलली, तिच्या जागी एक सुपारी ठेवली, सुपारीवर हळदकुंकू वाहिलं आणि विळी घेऊन आत निघाली. काकडीची कोशिंबीर झाल्याशिवाय नैवेद्य नाही आणि विळीशिवाय कोशिंबीर नाही, म्हणून ही तोड तिने लग्नाच्या पहिल्या वर्षीच काढली होती. जे हजर नाही त्याच्या जागी सुपारी, यात तिच्या मते नवीन काही नव्हतं. धार्मिक कार्यात बायको हजर नसली तर तिच्या जागी सुपारी ठेवून लोक कार्य उरकतात, मग विळीची काय कथा. दाराशी ती थांबली. माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, कोचाखाली गेलेल्या नळीकडे बघितलं. परत आत गेली, डबा उघडल्याचा आवाज आला, आणि आणखी एक सुपारी घेऊन ती बाहेर आली.

"इतकी वर्षं देवीसमोरची विळी मी उचलते," ती बाबांना म्हणाली, "आणि तुम्ही ती कोशिंबीर दोनदा मागून खाता. विळीच्या जागी सुपारी चालते आणि बंदुकीच्या जागी चालत नाही, हे कुठल्या पोथीत आहे तेवढं दाखवा."

बाबांनी पोथीकडे बघितलं. मग दामलेकाकांकडे. दामलेकाकांना दोन्ही चपला सापडल्या होत्या. आईने वाट न बघता ती सुपारी बंदुकीशेजारी ठेवली आणि तिला हळदकुंकू वाहिलं. बाबांनी बंदुकीवरची माळ सारखी केली. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुसायचं नाही मात्र. पूजेचं कुंकू आहे." घराण्याची बंदूक अशा रीतीने एका सुपारीत बसली, आणि मला वाटतं, ती पणजोबांचीही त्याहून फार मोठी नसावी.

डोंबिवलीहून कल्याणला आम्ही मुली रिक्षाने निघालो. बंदूक रिक्षात आडवीच मावत होती आणि दोन्ही बाजूंनी बाहेर येत होती. ठाकुर्लीचं फाटक नेहमीप्रमाणे बंद होतं. शेजारी येऊन थांबलेल्या रिक्षात एक म्हातारी बाई होती, तिच्या तोंडासमोर आमची माळ घातलेली नळी आली. तिने चप्पल काढून नमस्कार केला आणि शेजारच्या सुनेलाही करायला लावला. मंडपात पोचल्यावर नितीनदादाने ते हळदकुंकू बघून कपाळाला हात लावला. पुस ते आधी, म्हणाला. मी म्हटलं, पूजेचं आहे, पुसायचं नाही. "अगं, सैनिक आहेस तू, लग्नाला नाही निघालीस." मोहित विंगेत काठी घेऊन उभा होता. मी उंचवट्यावर जाऊन उभी राहिले आणि पडदा उघडला.

त्या नाटकाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. मंडळी खोकली, म्हातारी आई रडली, युद्ध झालं. मी हलले नाही. गाल खाजला तरी हलले नाही. समोर देवीच्या दर्शनाला आलेल्या बायका, त्यांची पेंगुळलेली पोरं, पुढच्या रांगेत परीक्षक. शेवटी अंधार होत गेला. पावलं वाजली. मी नळी वर केली, कडी ओढली, आणि "खट्ट" असा आवाज सगळ्या मंडपात शेवटपर्यंत गेला. एवढा चांगला तो बाथरूममध्येही कधी आला नव्हता. मग महिनाभर रोज सकाळी घरी विचारत होते त्याच आवाजात, त्याच घाईत, मी विचारलं, "कोण आहे?"

"मी आहे, मी!"

मागच्या रांगेतून, घाबरून, तत्काळ. बाबांचा आवाज.

कडी वाजली, कोण आहे म्हटलं, आणि त्या माणसाच्या तोंडून जे महिनाभर बाहेर पडत होतं ते पडलं. मला काळोखात काही दिसत नव्हतं, पण ते आले आहेत हे कळलं, आणि मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा जागेवरून हलले. पडदा पडला. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. बक्षीस देताना परीक्षक म्हणाले, की पहारेकऱ्याच्या प्रश्नाला थेट प्रेक्षकांतून, सामान्य माणसाच्या तोंडून उत्तर देण्याची कल्पना विलक्षण आहे, शिवाय शस्त्राला लावलेल्या हळदकुंकवातून युद्ध आणि संस्कृती यांचं नातं फार सूचकपणे येतं. दिग्दर्शनाचं पहिलं बक्षीस नितीनदादाला मिळालं. तो मफलर सावरून म्हणाला, ही कल्पना बऱ्याच दिवसांपासून माझ्या डोक्यात घोळत होती.

बाबा मंडपाच्या दाराशी उभे होते. मी समोर गेल्यावर म्हणाले, पूजेतलं शस्त्र आहे, उद्या उत्तरपूजेला नीट परत यायला हवं, म्हणून आलो. एकटं कसं पाठवणार. मग रिक्षात बसल्यावर बंदुकीची त्यांच्या बाजूची नळी घरापर्यंत त्यांनीच धरली.

दुसऱ्या दिवशी दसरा. लोक सोनं घ्यायला बाहेर पडले. बाबाही सकाळीच बाहेर पडले आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. आईला वाटलं, इतक्या वर्षांनी मंगळसूत्राला एखादी वाटी आणली. कागदातून नवी कोरी लोखंडी कडी निघाली. आई काय म्हणाली ते मी इथे लिहीत नाही. मी बंदुकीची कडी सोडवायला पेचकस घेतला, म्हटलं जुनी परत लावू, ही कशाला वाया. बाबांनी पेचकस माझ्या हातातून घेतला आणि बाथरूमच्या दाराशी स्टूल ओढलं. "ती राहू दे," म्हणाले. "ती आता बंदुकीची आहे."

संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला लोक आले. कोपरीहून आत्या आली, तिने ते कल्याणचं प्रकरण ऐकलेलं नव्हतं. ती चौरंगासमोर थबकली आणि म्हणाली, "अगंबाई, दादा, ही सापडली कुठे? घराण्याची बंदूक?"

मी बाबांकडे बघितलं. एवढं चांगलं वाक्य त्यांच्या समोर आपणहून चालत आलं होतं, आणि दामलेकाका साक्षीला हजर होते. बाबांनी हातातलं पान बंदुकीवर ठेवलं.

"नाही," ते म्हणाले. "ही हिची आहे."